वाटीत उरलेलं पेट्रोल

नवरात्र लागलं की माझ्या नाकाला जुन्या पेट्रोलचा वास यायला लागतो. घरात घट बसलेला असतो, काळ्या मातीतून गव्हाचे पिवळट कोंब वर येत असतात, ओसरीवर झेंडूचा ढीग पडलेला असतो, रानातून भिजलेल्या सोयाबीनचा कुबट वास गावभर फिरत असतो; आणि या सगळ्यांना मागे सारून तो वास येतो. ताज्या पेट्रोलचा नव्हे. ताज्या पेट्रोलचा वास मला अजूनही आवडतो, उगाच खोटं कशाला बोलू? हा वास वर्षभर कोंडून पडलेल्या पेट्रोलचा. व्हार्निशसारखा, आंबूस. एकदा घशात बसला की चहाने जात नाही आणि तंबाखूनेही जात नाही.

माझं दुकान आमच्या गावच्या फाट्यावर आहे. इथून उमापूर एका बाजूला आणि गोदावरी दुसऱ्या बाजूला. फवारणीचे पंप, पाण्याची इंजिनं, फटफट्या, जे बंद पडेल ते माझ्याकडे येतं. आणि या सगळ्यांत एक बोटीची मोटार. बाहेरगावचा पाहुणा दुकानात आला आणि त्याला ती दिसली, की तो हमखास हसतो. "बीड जिल्ह्यात बोट? टँकर सोडून दुसरं काय तरंगतं तुमच्याकडं?" पूर्वी मीही त्याच्याबरोबर हसायचो. आता पाहुण्याला चहा पाजतो आणि विषय बदलतो.

मोटार तशी लहानच. बोटीच्या मागच्या फळीला अडकवायची, एका माणसाने उचलावी एवढी. डोक्यावर दीड लिटरची टाकी, टाकीखाली पेट्रोलचा कॉक, म्हणजे तोटी, कॉकखाली मुठीएवढा कार्ब्युरेटर. कार्ब्युरेटरच्या पोटात एक पितळी वाटी. त्या वाटीत पेट्रोल साठतं, वाटीतून दोन बारीक पितळी छिद्रांतून वर जातं, हवेत मिसळतं आणि इंजिन चालतं. एक छिद्र मोठं, म्हणजे मेन जेट. दुसरं खोल आत दडलेलं, केसाएवढं; इंजिन हळू चालताना पेट्रोल तिथून येतं. त्याला आम्ही स्लो जेट म्हणतो. सगळा खेळ या दोन छिद्रांचा आहे. ती बुजली, तर वरची टाकी काठोकाठ भरलेली असो की रिकामी, सारखंच.

हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. लग्नाआधी चार वर्षं मी परळीला एका उस्तादांच्या गॅरेजात होतो. तिथे वीजकेंद्रामुळे हवेतच राख. सकाळी पुसलेला टेबल दुपारी करडा व्हायचा. कार्ब्युरेटर खोलला की उस्ताद त्यावर ओलं फडकं टाकायला लावत, आणि काम संपलं की एकच गोष्ट बजावत. "मशीन रखना है ना? तो कॉक बंद कर, चालू छोड दे. अपने आप पीको मर जाएगी. कटोरी में एक बूंद नको. खड्या हुवा पेट्रोल जहर होता." मी मान डोलवायचो. चार वर्षांत शंभरदा तरी डोलवली असेल. त्या माणसाने मला जे जे शिकवलं त्यातलं सगळं मी पाळलं, हे एक सोडून.

बोट गावात आली ती आबांमुळे. आबा म्हणजे आमच्याकडचे पुढारी. रस्ता झाला तरी आबांमुळे, आणि खचला तर पावसामुळे. नदीपलीकडे गावच्या काही जमिनी आहेत, मधे एक मोठं बेट आहे, त्याच्यावर पावसाळ्यात गुडघाभर गवत माजतं. माणसं पूर्वी गुळाच्या काहिलीत बसून नाहीतर थर्माकोलच्या तुकड्यांवर पालथं पडून ये-जा करायची. आबांनी कुठून तरी बोट आणि मोटार मिळवली, बोट नदीकाठच्या मारुतीजवळ उपडी घातली आणि मोटार माझ्या दुकानात आणून ठेवली. "दत्तोबा, आता ही तुमची जबाबदारी." सगळ्या गावासमोर म्हणाले. मला बरं वाटलं. गावात माझ्या कामाला असं नाव घेऊन कुणी जबाबदारी म्हटलेलं नव्हतं.

त्याच वर्षी खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात. नांगर, विळा, तराजू, शिलाई मशीन, ट्रॅक्टर. माझ्याकडे पाने, पक्कड, हातोडे. त्या दिवशी हत्याराला काम लावायचं नाही, आणि पुजलेली वस्तू दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत जागची हलवायची नाही. शिवाय पूजेतलं काही रिकामं नसावं, हा आमच्या बायकांचा कायदा. तांब्या पाण्याने भरलेला, टोपली धान्याने भरलेली. मी मोटार टाकी रिकामी करून पाटावर ठेवली, तेव्हा माझी माय हातात कुंकवाचा करंडा घेऊन उभी होती.

"रिकाम्या टाकीला कुकू लावतेत व्हय रे?" ती म्हणाली. "भर ती आदी. नदीवर जानारी चीज हाय. रिकाम्या हातानं कोनी वाटं लावतं का?"

"माय, मशीनचं तसं नसतं," मी म्हणालो.

"मशीनचं नसंल, आपलं असतं."

बिरूनाना तिथेच दुकानाच्या पायरीवर बसले होते. नाना धनगर, साठीच्या पुढचे. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि बोलायचं झालं तर मोजकं. त्यांची मेंढरं पावसाळाभर बेटावर चरायची, म्हणून बोटीचं सगळ्यांत जास्त कौतुक त्यांनाच. ते मायकडे बघून हसले. "भर की दत्ता. माय म्हनती तर भर. टाकी भरलेली बगितली की मलाबी बरं वाटल."

मग मी भरली. टिपाडात पाणी भरून मोटार त्यात अडकवली, आबांनी नारळ फोडला, मी आधीच गरम करून ठेवलेल्या मोटारीची दोरी त्यांनी ओढली, ती पहिल्या झटक्यात चालू झाली, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. मग मी बटण दाबून ती बंद केली. कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल जाळून टाकायला फार तर दीड मिनिट लागलं असतं. पण हार घातलेली, कुंकू लावलेली, भरल्या टाकीची मोटार सगळ्यांसमोर कोरडी करून मारायची, हे मला कसंसंच वाटलं. दसरा होऊ दे, मग करू, असं ठरवलं. दसरा झाला. कापसाच्या फवारणीचे पंप आले. मग रब्बीची इंजिनं आली. मोटार पोत्यात गुंडाळून कोपऱ्यात उभी राहिली. टाकीवरचं कुंकू काळं पडलं, हाराच्या काड्या झाल्या. त्या पावसाळ्यात नदी घोट्याच्या वर आलीच नाही, म्हणून बोट कुणाला लागली नाही, आणि दहा-अकरा महिने मी रोज तिच्या शेजारून गेलो.

उन्हाळ्यात एक साहेब पूरस्थितीची तयारी बघायला आले. नदीत तेव्हा फक्त वाळू आणि ट्रॅक्टरच्या चाकांचे माग होते. साहेबांनी मोटारीवर हात ठेवून फोटो काढून घेतला आणि विचारलं, "चालू आहे ना?" मी काय उत्तर दिलं असेल? "टाकी फुल्ल आहे साहेब." ते वाक्य आठवलं की आजही मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

पुढच्या नवरात्राच्या तिसऱ्या माळेला पहाटेपासून झड लागली होती. त्याआधी दोन रात्री वरच्या अंगाला पाऊस कोसळत होता. वरच्या धरणाचे दरवाजे उघडल्याचा निरोप सगळ्यांच्या मोबाईलवर आला, पण नानांकडे मोबाईल नव्हता, आणि ते आदल्या दिवशी दुपारीच मेंढरं घेऊन घोट्याएवढ्या पाण्यातून बेटावर गेले होते. आरतीचा भोंगा मधेच थांबला आणि त्यावरून कुणीतरी ओरडलं, "दत्ताला मोटार घिऊन नदीवर बोलवा!"

मी मोटार खांद्यावर टाकून अनवाणी पळत गेलो. नदी ओळखू येत नव्हती. तांबडं पाणी, त्यात कापसाच्या पऱ्हाट्यांचे भारे, कडब्याच्या पेंढ्या, एक अख्खी मोडकी बैलगाडी. मधे बेटाचा उंचवटा तेवढा वर होता, आणि त्याच्या टोकाच्या बाभळीवर घोंगडी दिसत होती; तिच्याखाली गवत आणि झड, एवढंच मला दिसलं. बोट सुलटी करून आणलेली. मी मोटार अडकवली, कॉक सोडला, चोक ओढला आणि दोरी ओढली.

काहीच नाही. पुन्हा ओढली. वीसदा ओढली असेल. तळहाताचं कातडं सोललं. मागून कुणी म्हणालं, "कावून चालू व्हईना बे?" मला उत्तर माहीत होतं. पहिल्या झटक्यालाच माहीत झालं होतं, कारण तो वास आला होता.

चौघांनी डोक्यावर ताडपत्री धरली. मी माझा सदरा चिखलावर अंथरला आणि कार्ब्युरेटर उतरवला. वाटी निघता निघेना. पान्याच्या दांड्याने ठोकली तेव्हा निघाली. आत पेट्रोल नव्हतंच. हिरवट, चिकट, थिजलेली साय होती, तुपाच्या बुडाशी साचते तशी. पेट्रोल अडवणारी सुई तिच्या जागेत चिकटून बसलेली, मेन जेट ठार बुजलेला. कुणाच्या तरी फटफटीच्या हॉर्नची वायर तोडून घेतली, तिच्यातला तांब्याचा एक केस सोलून काढला आणि जेटमधून फिरवला. पोलादी तार घालायची नसते, छिद्र मोठं होतं, हेही उस्तादांचंच. तोंडाने फुंकर मारली, आभाळाकडे धरून बघितलं, उजेडाचा ठिपका दिसला. स्लो जेट खोल होता. त्याचा पेच झिजलेला. मला वाटलं, मोठा मोकळा झाला ना, चालेल. घाई होती. सगळं परत बसवलं, दोरी ओढली. मोटार धडधडली, लोक ओरडले, आणि जरा वेग कमी करताच ती खोकून बंद पडली. पुन्हा चालू, पुन्हा बंद. अशी मोटार घेऊन त्या पाण्यात गेलो असतो तर मधेच बंद पडून सगळेच वाहून गेलो असतो.

मग मी दुसऱ्यांदा खोलायला बसलो. मान वर केलीच नाही. मागे बायकांचा एकदम कालवा झाला तो ऐकू आला, पण मला वाटलं पाणी वाढलं असेल. स्लो जेट निघाला, साफ केला, बसवला. त्यानंतर मोटार चालली, अगदी नवीकोरी असल्यागत.

नानांना बाभळीवरून काढलं तेव्हा त्यांच्या घोंगडीत एक कोकरू होतं, बाकी उंचवट्यावर फक्त पाणी. साठाच्या वर मेंढरं होती. नाना बोटीत बसले आणि कोकरू मांडीवर घेतलं. मी विचारलं, "नाना, लागलं का कुठं?" त्यांनी नुसती मान हलवली.

त्या दिवसापासून गाव मला एकच सांगत आलं. "आरं, मेंढरं पहाटंच गेलती. तू मोटार घिऊन यायच्या लई आदी." ताडपत्री धरणारेही हेच म्हणाले. मायनेही हेच सांगितलं, माझ्या हाताला हळद लावताना. मी ते घट्ट धरून ठेवलं. कारण ते खरं नसेल, तर हिशेब वेगळाच होत होता. मोटार पहिल्या झटक्यात चालू झाली असती, तर दर खेपेला सहा-सात मेंढरं आली असती. खोलण्यात गेलेल्या त्या पाऊण तासात किती खेपा झाल्या असत्या? पाच? सहा? अर्धी तरी आली असती की नाही? हा हिशेब मी पंप खोलताना करतो, जेवताना करतो, आणि दरवेळी शेवटी स्वतःला म्हणतो, पण ती तर पहाटेच गेली होती.

दसऱ्याला सत्कार झाला. सत्कार माझा! मारुतीसमोर मांडव, माझ्या फोटोचा फ्लेक्स आणि त्याच्यावर मोठ्या अक्षरांत "देवदूत". आबा बोलले, "वर्षभर यंत्र सज्ज ठेवणाऱ्या आमच्या दत्तोबांमुळं आज एक जीव वाचला." शाल, नारळ, फेटा. शेजारच्या खुर्चीत नानांना बसवलं होतं, वाचलेला जीव म्हणून. त्यांनाही एक शाल दिली. मेंढपाळाला शाल! आयुष्यभर लोकर कातरलेल्या माणसाला दुकानातली चकचकीत शाल. त्यांनी ती घडी करून मांडीवर ठेवली आणि माझ्या फोटोकडे बघत राहिले. मला त्या क्षणी उठून माइक घ्यायचा होता. हात फेट्याकडे गेला, फेटा सारखा केला आणि बसून राहिलो. माझ्यासारख्या माणसाला भित्रा म्हणतात, दुसरा शब्द नाही.

नाना नंतर परळीला गेले, मुलाकडे. तो राखेचे ट्रक चालवतो. तिथे त्यांना श्वास पुरेना, म्हणून पाच-सहा महिन्यांत परत आले. वाचवलेलं कोकरू तोवर मोठं झालं होतं, पण एकटं मेंढरू धड चरत नाही. दिवसभर रस्त्याकडे तोंड करून ओरडत राहतं. नानांनी ते दुसऱ्याच्या कळपात सोडून दिलं. तेव्हापासून सकाळी ते माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसतात. काठी हातात असते. रस्त्यावरून कुणाचा कळप गेला की तो वळणाआड होईपर्यंत बघतात, मग चहा पितात. मी त्यांना रोज चहा पाजतो. अशाने काही फिटत नाही, हे मलाही कळतं.

आता मी दर नवरात्रात कार्ब्युरेटर खोलतो. नवा गॅस्केट, नवी सुई, दोन्ही जेट तांब्याच्या केसाने साफ. वाटी मायच्या स्टीलच्या ताटलीत ठेवतो आणि तिच्यावर ओलं फडकं टाकतो, इथे राख नसली तरी. काम झालं की टाकीत घोटभरच पेट्रोल घालून टिपाडात मोटार चालवतो, टाकी संपत आली की कॉक बंद करतो आणि ती आपोआप मरेपर्यंत उभा राहतो. माय आता काही म्हणत नाही. रिकाम्या टाकीला कुंकू लावते आणि माझ्याकडे न बघता घरात जाते.

यंदाच्या खंडेनवमीला नाना पायरीवरच होते. पूजेआधी माय करंडा आणायला घरात गेली, आम्ही दोघंच राहिलो. मी मोटार चालू केली, कॉक बंद केला आणि काय झालं कुणास ठाऊक, इतक्या वर्षांचं सगळं एका दमात बोलून गेलो. "नाना, त्या साली ही मी रिकामी केली नव्हती. वाटीतलं पेट्रोल सडलं होतं. चूक माझी होती. मेंढरं पहाटंच गेली म्हणा, पण..."

नानांनी काठी पायरीवर आडवी ठेवली.

"पहाटं न्हाई गेली," ते म्हणाले.

टिपाडातल्या पाण्याला बुडबुडे येत होते.

"झाडावरून समदं दिसत व्हतं. तू पैल्यांदा दोरी वढली, तवा समदी उभी व्हती. मी त्यास्नी म्हनलं, थांबा गं माय, आली बोट. तू खोलायला बसलास, तरीबी उभी व्हती. मग मोटार वाजली, माणसं वरडली. त्यास्नीबी वाटलं, आली. म्होरची पान्याकडं सरकली, तुमच्याकडं तोंड करून. आन मोटार बंद पडली. तू परत खाली मान घालून बसला. म्होरची गेली की मागची ऱ्हात न्हाईत रं. मेंढराची जातच तसली."

मी विचारलं, "तुमी कवाच बोलला न्हाई?"

"तू इचारलं न्हाईस."

मोटारीने एक गचका खाल्ला. वाटीतलं शेवटचं पेट्रोल संपत आलं होतं. आवाज एकदम वाढला, मग फाटला, आणि ती बंद पडली. नानांनी बोटाने टाकी वाजवून बघितली. पोकळ वाजली.

"आता रिकामी ठिवतूस?"

"ठेवतो, नाना. दरसाल ठेवतो."

"तवा ठिवायची व्हती," ते म्हणाले, काठी उचलली, आणि चहा न घेता निघून गेले.